सावल्यांचं वय

मिरजेच्या ऐनापुरे सरांच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, चाली राहत. बाजारात कुणी नमस्कार केला की ते आधी त्याच्या पायांकडं बघत आणि मग म्हणत, "डावा खुबा बदललेला ना तुमचा? बोला." चाळीस वर्षं त्यांनी लोकांना चालायला शिकवलं होतं. पडलेल्यांना, मोडलेल्यांना, अर्धांगाचा झटका आलेल्यांना. पूर्ण नाव गुरुसिद्ध ऐनापुरे, वय चौसष्ट. बायको कस्तुरी दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात एकटेच.

असा माणूस देशाच्या अण्वस्त्रांच्या कामात कसा शिरला, ते आधी सांगायला हवं.

पलीकडच्या देशानं जनगणनेचे आकडे छापणं बंद केलं त्याला वीस वर्षं झाली होती. तिथं मुलं जन्मायची कमी झाली होती, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. किती कमी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि आपल्याला ते ठाऊक असणं भाग होतं. कारण दोन देशांमधला धाक हा नुसता बॉम्बच्या संख्येवर चालत नाही. समोरचा काय करू शकतो यापेक्षा तो घाईत आहे का, याला जास्त महत्त्व असतं. ज्याची तरुण माणसं दरवर्षी घटत जातात त्याला वाटू शकतं की आज हात उचलला नाही तर पुढं उचलायला हातच उरणार नाहीत. दिल्लीत याला 'मिटता दरवाजा' म्हणत. दरवाजा मिटायच्या आत माणूस धडक मारतो, असा त्यांचा हिशेब.

मग कुणाच्या तरी डोक्यात सावलीची कल्पना आली. उपग्रहातून माणूस वरून दिसतो, म्हणजे एक डोकं आणि दोन खांदे. तो एक ठिपका. त्यावरून बाई की बाप्या हेही कळत नाही. पण सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपं असतं, सावली माणसाच्या तिप्पट लांब पडते, आणि त्या सावलीत पाय सुटे दिसतात. उपग्रह एका जागेवर दीड मिनिट नजर ठेवू शकतो. तेवढ्यात माणूस दीडशे पावलं टाकतो. तरुणाची पावलं एकसारखी पडतात. वय वाढतं तशी पावलापावलांत तफावत येते, एक पाऊल लांब, एक आखूड, एक किंचित उशिरा. ती तफावत मोजली की वय चार-पाच वर्षांच्या फरकानं सांगता येतं. हे मोजणाऱ्या यंत्राला छायागणक म्हणत.

यंत्राला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी वय माहीत असलेली हजारो माणसं चालताना टिपलेली हवी होती, आणि ती ऐनापुरे सरांकडं होती. ते आपल्या प्रत्येक रुग्णाची चाल मैदानावर उंच खांबावरच्या कॅमेऱ्यानं टिपून ठेवत. म्हणून छायागणकाचं केंद्र दिल्लीत न होता मिरजेत झालं, सरांच्या चालशाळेला लागूनच. सर तिथले सल्लागार. यंत्र चुकलं की कुठं चुकलं ते त्यांनी सांगायचं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी तहसीननं त्यांना बोलावून घेतलं. तहसीन सतारमेकर केंद्राची प्रमुख होती. वय चौतीस. "आजोबांनी सतारी केल्या, मी सावल्या करते, दोन्हीला हात लावता येत नाही," असं म्हणायची. सतारीला हात लावता येतो की, असं कुणी म्हटलं तर सांगायची की आजोबांच्या सतारीला कुणाची हिंमत नव्हती. त्या दिवशी ती असलं काही बोलली नाही. तिनं पडद्यावर चार लष्करी तळ दाखवले. पलीकडच्या देशाची क्षेपणास्त्रं याच चार तळांवर होती. अकरा आठवड्यांपूर्वी तिथं चालणाऱ्या शंभर माणसांत अठरा जण तिशीच्या आतले होते. आता त्र्याऐंशी होते.

"सहा हजारांच्या वर पोरं आणून ठेवलीत," ती म्हणाली. "ज्यांच्याकडं पोरंच नाहीत त्यांनी."

याचा अर्थ काय होतो, तो सरांना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. ज्या देशात कारखाने चालवायला तरुण मिळत नाहीत, तो आपले तरुण उचलून क्षेपणास्त्रांपाशी नेतो, म्हणजे दरवाजा मिटायच्या आत धडक मारायचं त्यानं ठरवलेलं आहे. दिल्लीच्या समितीची बैठक शुक्रवारी दुपारी होती. आपल्याकडं अण्वस्त्रं सुटी ठेवलेली होती, स्फोटक गाभा एका ठिकाणी, क्षेपणास्त्र दुसऱ्या. जोडायचं म्हटलं तर बराच वेळ जातो, आणि तोच वेळ विचार करायला मिळतो. शुक्रवारी ती जोडून ठेवायचा ठराव होणार होता. आपण जोडली की ते पाहणार, तेही जोडणार. मग दोन्हीकडं विचार करायला उरणार सात-आठ मिनिटं.

सर पडद्याकडं बघत राहिले. बर्फातल्या रस्त्यावरून लांब कोट घातलेल्यांची रांग चालली होती. सावल्यांचे पाय एका मापानं उघडत होते, मिटत होते.

"चाल चांगली आहे," ते म्हणाले. मग पुढं वाकून म्हणाले, "जरा जास्तच चांगली आहे."

तहसीननं विचारलं की म्हणजे काय, तर त्यांना सांगता येईना. तिनं खुर्ची वळवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, तुमच्या नोंदींची सातवी तुकडी पूर्ण बाद होती का हो? त्यातलं काहीच वापरण्यासारखं नव्हतं?"

"सदोष होती. लिहिलंय मी तसं," सर म्हणाले, आणि जेवायला म्हणून घरी गेले.

सातवी तुकडी सदोष नव्हती.

कस्तुरीला साठाव्या वर्षी झटका आला. डावी बाजू गेली. सरांनी सहा महिने खपून तिला उभं केलं, पण चालणं काही येईना. मग सरकारच्या योजनेतून चालपट्टे आले. कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा, खुब्यापाशी दोन छोट्या मोटारी. माणसानं पाय उचलायचं मनात आणलं, स्नायूनं जरा ओढ घेतली, की मोटार ती ओढ ओळखून पाय पुढं ढकलते. पहिल्या दिवशी कस्तुरी अंगणातून थेट गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि तिथून ओरडून म्हणाली की आता मला परत कसं यायचं ते शिकवा.

गल्लीतल्या आणखी दहा जणींनी पट्टे घेतले. अकरा जणींचा तो ताफा रोज सकाळी चालशाळेच्या मैदानावर फेऱ्या मारायचा, हातात हात घालून, एका ओळीत, तोंडं अखंड चालू. सरांनी ते वर्षभर टिपलं. तीच सातवी तुकडी. पट्टा बांधलेल्या म्हाताऱ्या माणसाची चाल कशी असते हे यंत्राला कळावं, एवढ्याचसाठी ती मुद्दाम केलेली होती.

कस्तुरी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात सरांना कळलं की केंद्रातली नवी मुलं यंत्राला शिकवण्यासाठी ती चित्रं दिवसभर पडद्यावर लावून बसतात. मागंपुढं करतात. एका ठिकाणी थांबवून मोठं करतात. ते दारातून बघत उभे राहिले. एका मुलानं कस्तुरीच्या पायाभोवती लाल चौकोन काढला होता. सर आत गेले नाहीत. घरच्यांना हरकत घेऊन नोंद काढून घेता येते असा नियम होता, पण एकटीची काढता येईना, कारण अकरा जणी एका ओळीत होत्या आणि तिची सावली सगळ्यांवर पडायची. मग त्यांनी पूर्ण तुकडी बाद केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'नोंद सदोष.' एक प्रत छोट्या डबीत घालून घरी आणली. रोज दुपारी जेवण झालं की ते ती लावत आणि बघत बसत.

त्या सोमवारीही लावली. कस्तुरी नेहमीसारखी मधोमध होती. डावा हात पोटाशी धरलेला, जणू त्यात भाजीची पिशवी आहे आणि ती सांडायची नाही. कुणीतरी तिच्या चालीची तारीफ केली, त्यावर ती म्हणाली, "पाय सरकारचे आहेत बाई. हात तेवढे माझे."

सरांनी हे शंभरदा ऐकलं होतं. आज त्यांनी चित्र थांबवलं.

पट्टा पाय हलवतो, हात नाही. तरुण माणूस भरभर चालला की हातही तेवढेच झुलतात. म्हातारपणी खांदे आखडतात, हात अंगालगत राहतात. या अकरा जणींचे पाय पंचविशीचे होते आणि हात सत्तरीचे. छायागणक फक्त पाय बघायचा, कारण कोटाच्या सावलीत हात नीट सुटे दिसत नाहीत. पण सकाळी बर्फावरच्या त्या रांगेत, ज्या एक-दोघांची सावली अगदी आडवी पडली होती, त्यांचे हात दिसले होते. ते झुलत नव्हते.

मंगळवारी सकाळी सर केंद्रात गेले तेव्हा ब्रिगेडियर इंगवले आलेले होते. समिती आणि केंद्र यांच्यातला निरोप्या म्हणजे इंगवले. मूळचे कागलचे, बोलायला मोकळे, पण काम म्हटलं की दगड. सरांनी सांगितलं की ही पोरं नव्हेत, पट्टे बांधलेली म्हातारी माणसं आहेत. पोरं त्यांनी तळावर आणलेली नाहीत, उलट तळावरून काढून दुसरीकडं कामाला लावलीत, आणि राखणीला निवृत्त लोक बसवलेत.

इंगवल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की पट्टे तिकडंही बनतात, अशक्य काही नाही. "पण सर, मी समितीला काय सांगू? मिरजेच्या एका गृहस्थांना वाटतं? यंत्र म्हणतं पंचवीस. तुम्ही म्हणता सत्तर. यंत्रानं म्हटलं पाहिजे."

"यंत्राला ते कुणी शिकवलंच नाही," सर म्हणाले.

"का नाही शिकवलं?"

सर पडद्याकडं वळले. तहसीन समोरच्या कागदावर बघत होती. इंगवले दोघांकडं पाळीपाळीनं बघून चहा घ्यायला बाहेर गेले.

घर ते केंद्र दहा मिनिटांचं अंतर. सरांना त्या दिवशी यायला जायला दीड तास लागला. घरी जाऊन ते खुर्चीवर बसून राहिले. देशावर बाका प्रसंग आहे, हे त्यांना कळत होतं. तरी मन अडून बसलं होतं. ती चित्रं दिली की परत लाल चौकोन. आता तर दिल्लीतले लोकही बघणार. ती पट्टा बांधताना तोंडं कशी करायची, तिच्या तोंडाच्या एका कोपऱ्यातून पाणी कसं यायचं, ते सगळं. आणि आपण खोटं लिहिलं हेही बाहेर येणार, ज्याच्या कामावर चाळीस वर्षांत कुणी बोट ठेवलं नाही त्याचं. मग त्यांच्या मनात आलं की हे तिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती. फार विचार करावा लागला नाही. ती म्हणाली असती, एवढंच ना, मग बसलाय काय.

त्यांनी त्या प्रतीची डबी खिशात घातली आणि निघाले.

तहसीनच्या टेबलावर ती ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. मान खाली घालून, एका दमात. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "दोन वर्षं मी ती ओळ वाचतेय, सर. नोंद सदोष. तुमची नोंद कधी सदोष असते का?"

"मग विचारलं का नाही?"

"काल विचारलं की," ती म्हणाली. डबी जवळ ओढत म्हणाली, "आधीच विचारायला हवं होतं. तुमचं दुःख मोठं म्हणून मी गप्प बसले. चूक माझीही आहे." मग तिनं मुलांना बोलावलं आणि बजावलं की या तुकडीवर खूण करायची ती फक्त सावल्यांवर, चेहरा कुणाचा मोठा करायचा नाही, आणि सर इथंच बसतील.

सर दोन दिवस तिथंच बसले. पहिल्या तासाभरात त्यांना ते सोसवेना, सारखे उठून पाणी प्यायला जात. नंतर एक मुलगा विचारू लागला की मावशी इथं का थांबल्या, इथं का वळल्या नाहीत, आणि सर सांगू लागले. पट्टा वळताना ढकलत नाही म्हणून थांबावं लागतं. इथं तिला खोकला आला. इथं ती मगदूम आक्कांना चिडवतेय. सांगता सांगता त्यांच्या ध्यानात आलं की गेल्या दोन वर्षांत कस्तुरीबद्दल ते कुणाशी इतकं बोललेच नव्हते.

गुरुवारी दुपारी यंत्र शिकून तयार झालं. मोटारीमुळं तरुणाहूनही एकसारखं पडणारं पाऊल आता त्याला ओळखता येत होतं, आणि वळताना किती थांबावं लागतं त्यावरून वयही. चारही तळांची चित्रं त्याला पुन्हा दाखवली. त्यानं त्या सहा हजारांतल्या साडेपाच हजारांपुढं 'पट्टा' अशी खूण केली आणि वय लिहिलं, साठ ते त्र्याहत्तर.

इंगवल्यांनी ते दिल्लीला कळवलं. तासाभरात उत्तर आलं. समितीच्या अध्यक्षबाईंना पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की तीन दिवसांपूर्वी यंत्र एक सांगत होतं, आज दुसरं सांगतं, उद्या तिसरं सांगेल. शिवाय तुमची जुनी चित्रं खांबावरून टिपलेली आहेत, उपग्रहातून नव्हे. पट्टेवाला म्हातारा उपग्रहातून तरुण दिसतो, हे आम्हाला डोळ्यांनी दाखवा.

इंगवले हताश झाले. पण तहसीननं वेळापत्रक काढलं. आपलाच उपग्रह शुक्रवारी सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी मिरजेवरून जाणार होता.

सर संध्याकाळीच मगदूम आक्कांच्या घरी गेले. त्या अकरा जणींपैकी सात जणी राहिल्या होत्या. आक्का त्यातल्या सगळ्यात थोरल्या, एकोणऐंशी वर्षांच्या. कस्तुरी गेल्यापासून त्यांचं मैदानावर येणं थांबलं होतं, कारण सर ओळख द्यायचे नाहीत. सरांना बघून त्या म्हणाल्या, "वाट चुकलासा काय?" सर म्हणाले की उद्या सकाळी सगळ्यांनी मैदानावर यायचं आहे, पट्टे बांधून. कशाला ते मात्र सांगता येणार नाही.

"सांगू नगा," आक्का म्हणाल्या. "कस्तुरी असती तर तिनंच सांगितलं असतं. तिच्या पोटात काय राहत नव्हतं."

शुक्रवारी साडेसातला सातही जणी हजर. चांगल्या साड्या नेसून, त्यावर पट्टे. दोघींचे पट्टे जुने झालेले, मोटार कुरकुरत होती. सरांनी गुडघे टेकून एकेकीचा पट्टा घट्ट केला. एकजण म्हणाली की फोटो काढणार असाल तर चष्मा काढते. तहसीन म्हणाली, "मावशी, फोटो पार वरून आहे. नुसती सावली येणार."

"मग सावलीला पदर नीट आहे का बघ," आक्का म्हणाल्या.

सात बावन्नला त्या निघाल्या. ऊन तिरपं होतं. सात लांब सावल्या मैदानभर पसरल्या, पाय एका मापानं उघडत होते, मिटत होते. सर कडेला उभे होते. नजर सवयीनं ओळीच्या मधोमध गेली. तिथं आक्का होत्या. दीड मिनिट संपलं तरी त्या थांबेनात. तहसीननं हात केला, तरी त्या पुढं जाऊन फेरी पुरी करूनच आल्या.

दुपारी तीनला बैठक बसली. दिल्लीचे नऊ लोक पडद्यावर, इकडं इंगवले, तहसीन आणि सर. तहसीननं आधी काही सांगितलं नाही. सकाळचं चित्र जुन्या यंत्राला दाखवलं. सात सावल्यांवर आकडे उमटले. चोवीस, सत्तावीस, पंचवीस, असे. मग तिनं आक्कांचा आणि बाकीच्यांचा जमिनीवरून काढलेला फोटो लावला आणि खाली खरी वयं लिहिली. अध्यक्षबाई चष्मा पुढं घेऊन बघत राहिल्या. नऊ जणांतल्या एकाला हसू आवरलं नाही, आणि मग दोघातिघांना. पाच दिवसांत त्या खोलीत बहुधा कुणी हसलेलं नव्हतं. नंतर तेच चित्र नव्या यंत्राला दाखवलं. त्यानं सातही जणींची वयं तीन वर्षांच्या आतबाहेर सांगितली.

तरी एकानं शंका काढलीच. तो म्हणाला की बरं, म्हातारे तर म्हातारे. बटण म्हाताऱ्यालाही दाबता येतं.

"येतं," इंगवले म्हणाले. "पण बटण दाबायला सहा हजार माणसं लागत नाहीत. पहारा द्यायला लागतात. त्यांनी धडक मारायला माणसं जमवलेली नाहीत, साहेब. रिकाम्या जागा भरल्यात."

अध्यक्षबाईंनी मग सरांना विचारलं की तुम्ही या पट्टेवाल्यांबरोबर काम केलंय, तुमचं मत काय. सरांना हिंदी फारसं जमत नसे. इंगवले म्हणाले मराठीत बोला, मी सांगतो.

सर म्हणाले, "आमच्याकडं एक नियम आहे. पट्टा बांधलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. तो दचकतो, अंग वळवतो, आणि मोटारीला वाटतं यानं पाऊल टाकलं. ती ढकलते. तो नको त्या बाजूला पडतो. त्याचा पडायचा विचार नसतो. हा देश आता तसा झालाय. माणसं कमी, म्हणून जास्त काम मोटारीवर. त्याला दचकवू नका. समोर जाऊन, त्याला दिसेल असं बोला."

इंगवल्यांनी ते हिंदीत सांगितलं. मग अध्यक्षबाईंनी आवाज बंद केला आणि ते आपसात बोलू लागले. वीस मिनिटं. सर त्यांच्या हलणाऱ्या तोंडांकडं बघत बसले. तहसीन टेबलाखाली बोटं मोडत होती.

आवाज परत आला तेव्हा ठराव वाचला गेला. अस्त्रं जोडायची नाहीत. पुढच्या महिन्यात सरहद्दीवर व्हायचा होता तो सराव रद्द. दोन्हीकडच्या सेनापतींमधली थेट बोलायची लाइन चार वर्षं बंद होती, ती आपण होऊन सुरू करायची.

पडदा मिटल्यावर इंगवले खुर्चीत तसेच मागं रेलले आणि म्हणाले की मला सोमवारपासून झोप नाही, कुठं एखादा बाक आहे का. तहसीन आधी हसली आणि मग तोंडावर ओढणी घेऊन रडली. सर उठून बाहेर मैदानावर गेले. मैदानाच्या कडेला ते मांडी घालून बसले. चारचं ऊन होतं. शाळेतून मुलं घरी चालली होती. सगळं रोजच्यासारखं होतं, आणि ते तसंच राहणार होतं.

पंधरा दिवसांनी सरांच्या नावे खुलासा मागणारं पत्र आलं. सातव्या तुकडीच्या नोंदीत खोटं कारण का लिहिलं. सरांनी त्याच कागदाच्या मागं उत्तर लिहिलं. 'नोंदी चांगल्या होत्या. बायको वारल्यावर त्या कुणी पाहू नयेत असं वाटलं म्हणून काढल्या. चूक आहे. शिक्षा मान्य.' शिक्षा म्हणून त्यांचं सल्लागारपद काढून घेतलं. तहसीननं त्याच दिवशी त्यांना यंत्राचे शिक्षक म्हणून पुन्हा नेमलं, आणि वर लिहिलं की केंद्राला दुसरा माणूस मिळत नाही.

मार्चअखेर एका सकाळी तिनं त्यांना पडद्यापाशी बोलावलं. थेट लाइनवर दोनदा बोलणं झालं होतं. तळांवर सगळं शांत होतं. बर्फ वितळू लागलं होतं आणि पहारेकऱ्यांनी कोट काढले होते. आता त्यांचे हात अगदी स्वच्छ दिसत होते, अंगालगत, जवळजवळ न हलणारे. एकजण रांगेतून जरा मागं पडून चालत होता. सर त्याच्या सावलीकडं वाकून बघू लागले.

"काय झालं सर?" तहसीननं घाबरून विचारलं.

"पट्टा वर बांधलाय त्यानं. गुडघा बाहेर फेकतोय बघ. मांडी सोलून निघेल."

"सर, तो पलीकडचा आहे."

"असू दे. पण कुणीतरी सांगायला पाहिजे त्याला. चार बोटं खाली घ्यायचा, आणि आतून सुती कापड लावायचं."

मग तिनं त्या दिवसाचा अहवाल उघडला, 'शेरा' असा रकाना होता त्यात हे सगळं शब्दाला शब्द लिहिलं, आणि इंगवल्यांना पाठवून दिलं. इंगवल्यांनी त्यावर फोन केला नाही, काही विचारलंही नाही. पुढच्या गुरुवारी लाइनवर बोलणं व्हायचं होतं, त्याच्या विषयपत्रिकेत शेवटून दुसऱ्या जागी त्यांनी तो विषय घालून टाकला.